दहा सेंटिमीटरची रेघ : मनोविकारातून सावरणाऱ्यांचे जगणे मोजण्याचा इतिहास

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक मराठी सहकारी तीव्र नैराश्यामुळे पाच महिने दिल्ली सोडून घरी गेला होता. परतला तेव्हा त्याच्याजवळ डॉक्टरांचा दाखला होता : कामावर रुजू होण्यास योग्य. कँटीनमध्ये आम्ही विचारले, "आता बरा आहेस ना?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "बरा झालोय. बरं वाटत नाही अजून."

आम्ही दोघेही प्रायोगिक भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, दिवसभर मोजमापे घेणारे. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या राशी आहेत, हे माझ्या लक्षात यायला मात्र पुढे काही वर्षे जावी लागली. पहिली राशी डॉक्टर बाहेरून मोजू शकतात. झोप परतली, भूक परतली, मरणाचे विचार थांबले, म्हणजे माणूस बरा झाला. दुसरी राशी फक्त त्या माणसालाच आतून ठाऊक असते. ती मोजता येते का? येत असेल, तर ते मापन विश्वासार्ह मानायचे का? मनोविकारशास्त्राने या प्रश्नाशी गेली चार दशके झुंज दिली आहे. त्या झुंजीचा एक महत्त्वाचा भाग आपल्या दिल्लीत घडला, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो फारसा माहीत नसतो. म्हणून हा लेख.

आधी एका शब्दाचा गोंधळ दूर करू. मराठीत 'जीवनमान' म्हटले की आपल्या मनात पगार, घर, महागाई आणि वीजपाणी येते. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलेला जीवनमानाचा प्रसिद्ध निर्देशांक साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान या तीन आकड्यांवर उभा होता. तो देशाला लागू होता, माणसाला नव्हे. इथे आपण ज्याविषयी बोलत आहोत ती जीवनगुणवत्ता म्हणजे एका व्यक्तीला स्वतःचे जगणे कसे वाटते, ही गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या संपूर्ण सुस्थिती, असे तीत म्हटले होते. व्याख्या उदात्त होती, पण ती मोजण्याचे साधन पुढची चाळीस वर्षे संघटनेकडे नव्हते.

साधने होती ती रोगाची. कर्करोगाच्या रुग्णांसाठी डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ० ते १०० अशी एक श्रेणी तयार केली. रुग्ण स्वतःची कामे किती करू शकतो, हे डॉक्टर पाहून ठरवीत. मनोविकारांत मॅक्स हॅमिल्टन यांची नैराश्याची श्रेणी १९६० साली आली आणि गंभीर मनोविकारांच्या लक्षणांची श्रेणी १९६२ साली. या सर्वांत निरीक्षक डॉक्टर आणि निरीक्ष्य रुग्ण, अशी स्वच्छ विभागणी होती. रुग्णाला बोलायला लावत, पण त्याच्या बोलण्याला किती गुण द्यायचे हे समोरचा ठरवी.

ही विभागणी अमेरिकेत प्रथम अपुरी पडली, आणि त्याचे कारण वैज्ञानिक नव्हते. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आले, पुढे धोरणे बदलली आणि तिथली प्रचंड मनोरुग्णालये रिकामी होऊ लागली. हजारो माणसे वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत आणि पुष्कळदा रस्त्यावर आली. लक्षणे कमी झाली होती, पण ही माणसे जगत कशी होती? १९८० च्या दशकाच्या आरंभी अँथनी लेहमन यांनी लॉस एंजेलिसच्या अशा निवासगृहांत जाऊन रहिवाशांनाच विचारले : घराबद्दल, पैशाबद्दल, मित्रांबद्दल, सुरक्षिततेबद्दल तुम्हाला काय वाटते? ऐकायला साधी गोष्ट आहे. त्या काळी मात्र स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचे स्वतःविषयीचे मत हे मापन मानणे, हे धाडसच होते.

त्याच सुमारास, १९८४ साली, हाइनरिक्स, हॅन्लन आणि कार्पेंटर यांनी एकवीस कलमांची जी श्रेणी प्रसिद्ध केली, ती मात्र डॉक्टरने मुलाखत घेऊन भरायची होती. तिच्यातले एक कलम मला फार बोलके वाटते. रुग्णाजवळ रोजच्या वापराच्या वस्तू आहेत का, ते त्यात मोजायचे : पाकीट, किल्ल्या, मोटार चालवण्याचा परवाना, घड्याळ, शहराचा नकाशा, पोस्टाची तिकिटे. बाल्टिमोरमध्ये या वस्तू स्वतंत्र आयुष्याची खूण असतीलही. जुन्या दिल्लीतल्या एकत्र कुटुंबात राहणाऱ्या, उत्तम सावरलेल्या एखाद्या गृहिणीकडे यांतले काय सापडेल? घराच्या किल्ल्या सासूबाईंकडे, परवाना कधी काढलेला नाही, आणि नकाशाची गरज आजवर पडलेली नाही. मोजपट्टीवर तिचे जगणे दरिद्री ठरेल. उपकरण ज्या प्रयोगशाळेत बनते तिची हवा त्यात शिरते, हे प्रयोग करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

भारतातील परिस्थिती मुळातच निराळी होती. आपल्याकडे तेवढी मोठी मनोरुग्णालये नव्हती, म्हणून ती रिकामी होण्याचा प्रश्नही तसा आला नाही. रुग्ण घरातच होता. याच वस्तुस्थितीतून एक गाजलेला निष्कर्ष निघाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनियाचा नऊ केंद्रांतला एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यात १,२०२ रुग्ण होते, आणि दिल्लीपासून दोनेकशे किलोमीटरवरचे आग्रा हे त्यांतले भारतीय केंद्र होते. तिथले काम डॉ. के. सी. दुबे पाहत. काही वर्षांनी पाठपुरावा केला तेव्हा आग्रा आणि नायजेरियातील इबादान इथल्या रुग्णांची स्थिती लंडन, वॉशिंग्टन किंवा आर्हुस इथल्यापेक्षा चांगली दिसली. गरीब देशांत स्किझोफ्रेनिया लवकर सावरतो, हे वाक्य त्यानंतर पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. कुटुंबाचा आधार, शेतीतली कामे, सैल सामाजिक अपेक्षा, अशी कारणेही सांगितली गेली.

अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट. मी स्वतः ती कितीतरी वेळा सांगितली आहे. पण २००८ साली अॅलेक्स कोहेन आणि सहकाऱ्यांनी अकरा अल्प व मध्यम उत्पन्न देशांतील तेवीस दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्र इतके सरळ राहिले नाही. स्थिती देशागणिक आणि अभ्यासागणिक फार बदलत होती. शिवाय चांगली स्थिती कशाला म्हणायचे, हा प्रश्न होताच. लग्न टिकले आहे, माणूस शेतावर जातो, घरच्यांची तक्रार नाही, हे सगळे बाहेरून दिसणारे पुरावे. घरात असणे आणि घरात जगणे यांत फरक असतो. तो फरक आग्र्याच्या आकड्यांतून वाचता येत नाही.

आता दिल्लीकडे येऊ. इंद्रप्रस्थ इस्टेटवर जागतिक आरोग्य संघटनेचे आग्नेय आशियाचे प्रादेशिक कार्यालय आहे. १९८० च्या दशकात या कार्यालयाच्या कामातून आर. नागपाल आणि एच. सेल यांनी व्यक्तिनिष्ठ सुस्थितीची एक प्रश्नावली उभी केली. पहिला वृत्तांत १९८५ साली आणि पूर्ण साधन १९९२ साली प्रसिद्ध झाले. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्यायी उत्तरे, अकरा घटक. हे घटक नुसते वाचले तरी प्रश्नावली कोणत्या मातीत तयार झाली ते कळते. अपेक्षा आणि प्राप्ती यांचा मेळ हा एक घटक, अडचणींना तोंड देण्याचा आत्मविश्वास हा दुसरा. रोजच्या जगण्यापलीकडच्या कशाशी तरी नाते असल्याची जाणीव हाही एक. कुटुंबासाठी तर दोन स्वतंत्र घटक होते : कुटुंबाचा आधार एका बाजूला आणि जवळच्या माणसांविषयीची काळजी दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे कुटुंब आधारही देते आणि चिंताही देते, आणि या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळू नयेत, इतके शहाणपण त्या रचनेत होते. भारतीय मानसशास्त्रात ही प्रश्नावली आजही वापरली जाते, पण ती मनोविकारातून सावरणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेली नव्हती. जगाचे लक्ष पुढे वेगळ्याच प्रकल्पाकडे गेले.

तो प्रकल्प जिनिव्हात १९९१ साली सुरू झाला. जीवनगुणवत्ता मोजणारे एकच साधन अनेक भाषांत एकाच वेळी घडवायचे, अशी त्यामागची कल्पना होती. इंग्रजीत प्रश्नावली बनवून तिचे भाषांतर करायचे नाही, तर प्रत्येक केंद्राने आपल्या भाषेत लोकांशी बोलून प्रश्न लिहायचे आणि मग ते सर्व एका टेबलावर आणायचे. मुख्य चाचणीत पंधरा केंद्रे होती : मेलबर्न, झाग्रेब, पॅरिस, टोकियो, हरारे, बँकॉक, सिएटल इत्यादी. भारतातून दोन, नवी दिल्ली आणि मद्रास. दिल्लीचे काम अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या म्हणजे एम्सच्या मनोविकार विभागात डॉ. शेखर सक्सेना यांनी सांभाळले. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत गेले आणि तिथल्या मानसिक आरोग्य विभागाचे संचालक झाले.

प्रत्येक केंद्रात रुग्ण, निरोगी माणसे आणि आरोग्यसेवक यांचे छोटे गट बसवून चर्चा झाल्या. चांगले जगणे म्हणजे काय, हे त्यांना विचारले गेले. साऱ्या जगातून सुमारे १,८०० प्रश्न जमले. द्विरुक्ती काढून, चाळून, चाचणीसाठी २३६ उरले. ते २९ पैलूंत विभागले होते. प्रत्येक केंद्रात किमान तीनशे लोकांना ते विचारले गेले. या तीनशेंत अडीचशे आजारी आणि पन्नास निरोगी. आकडेवारीच्या कसोटीवर २४ पैलू टिकले, आणि शंभर प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. तिची सव्वीस प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती नंतर आली, आणि आज जगभर मुख्यतः तीच वापरतात. हिंदी प्रश्नावलीविषयीचा सक्सेना, चंदिरामाणी आणि भार्गव यांचा शोधनिबंध १९९८ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये आला.

इथवरचा इतिहास संशोधन-निबंधांच्या प्रस्तावनेत सापडतो. मला ज्या पायरीने थक्क केले ती सहसा तळटीपेत असते.

प्रश्नाचे उत्तर पाच पर्यायांतून निवडायचे होते. दोन टोके सोपी होती : 'कधीच नाही' आणि 'नेहमी'. मधले तीन शब्द कोणते? इंग्रजीतल्या शब्दांना हिंदीत, थाईत, शोनात शब्दकोशातून प्रतिशब्द देणे सोपे. पण 'कधीकधी' हा शब्द दोन टोकांच्या बरोबर मधोमध आहे, हे कोणी ठरवले? म्हणून प्रत्येक केंद्राला एक काम दिले गेले. वारंवारता, तीव्रता, क्षमता आणि मूल्यमापन अशा चार प्रकारच्या उत्तरांसाठी आपल्या भाषेतले किमान पंधरा शब्द गोळा करायचे. मग किमान वीस सामान्य माणसांपुढे प्रत्येक शब्दासाठी दहा सेंटिमीटरची एक रेघ ठेवायची. डाव्या टोकाला 'कधीच नाही' आणि उजव्या टोकाला 'नेहमी'. हा शब्द या रेघेवर कुठे बसतो, तिथे खूण करा. सर्वांच्या खुणांची सरासरी काढायची. जो शब्द २० ते ३० मिलिमीटरमध्ये पडेल तो दुसरा पर्याय, ४५ ते ५५ मध्ये पडेल तो मधला, आणि ७० ते ८० मध्ये पडेल तो चौथा.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे ओळखीचे काहीतरी दिसायला हवे. हे तापमापकाचे अंशांकन आहे. १७४२ साली अँडर्स सेल्सियसने पाण्याचे दोन स्थिर बिंदू घेतले आणि मधल्या अंतराचे शंभर भाग केले. (त्याने सुरुवातीला उकळबिंदूला ० आणि गोठणबिंदूला १०० म्हटले होते. उलटी पट्टीही पट्टीच असते.) पण दोन टोके जुळली म्हणून मधले जुळतेच असे नाही. पारा आणि अल्कोहोल यांचे प्रसरण वेगवेगळ्या रीतीने होत असल्यामुळे, दोन्ही टोकांना एकमत असलेले दोन तापमापक मध्यभागी वेगवेगळे आकडे दाखवतात. त्या भांडणाने अठराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना पुष्कळ छळले. भाषा हा एक प्रकारचा द्रवच आहे, प्रत्येकीचे प्रसरण निराळे. दिल्लीतल्या त्या वीस-एक माणसांनी रेघेवर मारलेल्या खुणा म्हणजे हिंदी नावाच्या द्रवाचे अंशांकन होते. मनाच्या मापनाला कच्चे विज्ञान म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हा प्रसंग हमखास सांगतो.

मराठीत हा खेळ घरी करून पाहण्यासारखा आहे. 'क्वचित', 'कधीकधी', 'अधूनमधून', 'बऱ्याचदा' यांना रेघेवर बसवताना फारशी अडचण येत नाही. पण मूल्यमापनाच्या रेघेवर, म्हणजे 'अगदी वाईट' ते 'उत्तम' या टोकांमध्ये, 'बरा' हा शब्द ठेवून पाहा. परीक्षेचा पेपर बरा गेला म्हणजे जेमतेम मधोमध. नाटक बरे होते म्हणजे कदाचित मधल्याहून थोडे खालीच. पण आजारातून बरा झाला म्हणजे थेट उजवे टोक. एकाच शब्दाचे दोन तापमापक! माझ्या सहकाऱ्याचे कँटीनमधले वाक्य या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत उभे होते. 'बरा आहेस का?' असा प्रश्न मराठी प्रश्नावलीत कोणी लिहिला, तर उत्तराचा अर्थ लावताना हात कापले पाहिजेत.

या जागतिक साधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सव्वीस प्रश्नांत शारीरिक बाजूसाठी सात, मानसिक बाजूसाठी सहा, परिसरासाठी आठ आणि एकंदर स्थितीविषयी दोन प्रश्न आहेत. सामाजिक संबंधांच्या वाट्याला उरले फक्त तीन. त्यांतला एक लैंगिक जीवनाबद्दलच्या समाधानाचा. तो आपल्याकडे पुष्कळदा कोरा सोडला जातो. मग उरतात दोन. इंद्रप्रस्थ इस्टेटवरच्या जुन्या प्रश्नावलीने ज्या कुटुंबाला दोन स्वतंत्र घटक दिले होते, ते इथे दोन प्रश्नांत दाटीवाटीने बसले आहे. उलट परिसराच्या आठ प्रश्नांत भोवतालची हवा, आवाज, वाहतूक यांबद्दलचा एक प्रश्न आहे. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत किंवा गाझियाबादमध्ये याला कमी गुण देणारा माणूस आजारी नसून शुद्धीवर आहे. प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते, म्हणून ती दिवाळीनंतर भरली की होळीनंतर, यानेही आकडा हलू शकतो. मनोविकाराच्या उपचारांचा परिणाम शोधणाऱ्याने हा अडथळा वेगळा काढायला शिकले पाहिजे.

याहून गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे : ज्याचे मन आजारी आहे किंवा नुकतेच आजारातून उठले आहे, त्याचे स्वतःविषयीचे मत मोजमाप म्हणून कसे चालेल? नैराश्यात माणूस सगळेच काळे पाहतो, उन्मादात सगळेच सोनेरी. तेव्हा जीवनगुणवत्ता म्हणून आपण पुन्हा लक्षणेच तर मोजत नाही ना? आक्षेप खरा आहे. त्याचे एक उत्तर १९९० च्या दशकात कॅनडातून आले. लक्षणे स्थिरावलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनी पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरे एकमेकांशी सुसंगत असतात, असे वोरुगंटी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले. उपकरण तेच वाचन पुन्हा देते, इतके तरी त्यातून सिद्ध झाले.

आक्षेपाची दुसरी बाजू याहून अवघड आहे, आणि ती आजारी माणसांपुरती मर्यादित नाही. अमर्त्य सेन १९६३ ते १९७१ या काळात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवीत. पुढे त्यांनी आपल्या लेखनात बंगालच्या दुष्काळानंतरची, १९४४ सालची एक पाहणी पुन्हा पुन्हा वापरली. कलकत्त्याजवळच्या सिंगूर इथे विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली प्रकृती वाईट किंवा यथातथा असल्याचे सांगितले. विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. विधवांची प्रकृती उत्तम होती म्हणून नव्हे. तक्रार करण्याइतकी अपेक्षाच त्यांच्याकडे उरली नव्हती. वर्षानुवर्षे वॉर्डात किंवा घरातल्या मागच्या खोलीत राहिलेला माणूस 'मी समाधानी आहे' म्हणतो, तेव्हा ते समाधान असते की सिंगूरच्या विधवेचे मौन? प्रश्नावली तयार करणाऱ्यांनी व्याख्येतच माणसाची ध्येये, अपेक्षा आणि त्याच्या भोवतालची संस्कृती यांचा उल्लेख केला, तो या पेचाची जाण ठेवूनच. पेच सुटला मात्र नाही. माझे मत असे की बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवावीत, आणि ती जुळत नसतील तर त्या तफावतीलाच माहिती मानावे. प्रयोगशाळेत दोन उपकरणे वेगळे आकडे दाखवतात तेव्हा आपण त्यांतले एक खिडकीतून फेकून देत नाही.

दरम्यान इंग्लंडमध्ये पुढचे पाऊल पडले. शेफील्ड विद्यापीठाच्या गटाने मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांनाच कोणते प्रश्न ठेवायचे आणि कोणते काढायचे या निर्णयात बसवले, आणि सावरण्याच्या काळासाठी दहा व वीस प्रश्नांच्या दोन प्रश्नावल्या तयार केल्या. २०१८ साली त्यांचा मुख्य निबंध प्रसिद्ध झाला. त्यात आशा, आपलेपणा, स्वतःविषयीची प्रतिमा, निवडीचे स्वातंत्र्य आणि अर्थपूर्ण कामे यांना जागा आहे. लक्षणांची यादी नाही.

दिल्लीत मात्र या काळात मोजपट्टीचा प्रश्न सरकारी कागदावर येऊन थांबला. शाहदरा इथले मनोरुग्णालय १९६६ साली सुरू झाले होते. तिथल्या दुरवस्थेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे १९९३ साली त्याच जागी इहबास, म्हणजे मानव व्यवहार आणि संबद्ध विज्ञान संस्था, उभी राहिली. बंदिस्त वॉर्डांकडून बाह्यरुग्ण विभागाकडे, घराकडे आणि पुनर्वसनाकडे, असा तो प्रवास होता. १९९९ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातील ३७ मनोरुग्णालयांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात इमारती, पाणी, शौचालये, कर्मचारी यांची मोजदाद होती. ती अत्यावश्यकच होती. पण मोजले जात होते ते रुग्णालय.

रुग्णाला मोजण्याची वेळ आली ती अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी. १९९५ च्या कायद्याने मनोविकाराला अपंगत्वात स्थान दिले, पण टक्के कसे ठरवायचे हे ठाऊक नव्हते. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुनर्वसन समितीने त्यासाठी 'आयडियाज' ही श्रेणी घडवली, आणि २००२ साली केंद्र सरकारने ती अधिसूचित केली. २०१६ च्या नव्या कायद्यानंतरही मूल्यमापनाचा आधार तीच राहिली. ही श्रेणी वापरायला सोपी आहे, देशी आहे, आणि तिच्यामुळे हजारो कुटुंबांना हक्क मिळाले. तिची टिंगल करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

तिची रचना अशी. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम, या चार क्षेत्रांत किती अडचण आहे त्याला ० ते ४ गुण. शिवाय आजार किती वर्षांचा आहे त्याला १ ते ४ गुण. एकूण वीस. सात किंवा अधिक गुण झाले की अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त धरतात, आणि बहुतेक सवलती, राखीव जागा आणि अर्थसाहाय्य याच उंबरठ्यापासून सुरू होतात. माहिती रुग्णाकडून आणि त्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाकडून घ्यायची, गुण डॉक्टरने द्यायचे.

आता एक उदाहरण मूळ रचनेनुसार मांडून पाहू. बारा वर्षांचा जुना आजार, म्हणून चार गुण. कामात मध्यम अडचण, दोन गुण. माणसांत मिसळताना सौम्य अडचण, एक गुण. बेरीज सात, प्रमाणपत्र मिळते. त्या आधारावर मिळणाऱ्या पैशांतून औषधे चालू राहतात, मेट्रोच्या भाड्याची सोय होते, आणि वर्षभरात हा माणूस नोएडात एका दुकानात अर्धवेळ हिशेब लिहू लागतो. पुढच्या तपासणीत कामातील अडचण मध्यमऐवजी सौम्य ठरते. बेरीज सहा. चाळीस टक्क्यांचा उंबरठा हुकतो, आणि ज्या आधारावर तो सावरला तोच आधार जातो. मग घरचे काय करतात? पुढच्या तपासणीला त्याला दाढी न करता नेतात, आणि आत जाण्याआधी सांगतात, दुकानाचं काही बोलू नकोस. अशी मोजपट्टी ज्याला मोजते त्याच्या वागण्यातही बदल घडवते. भौतिकशास्त्रात असे मापन झाले तर आपण आधी मापनाचा आराखडा बदलतो.

दिल्लीत त्या दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खुणा मारल्या गेल्या त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. त्याच दिल्लीतून अधिसूचित झालेल्या श्रेणीत चार क्षेत्रे आहेत, वर्षांचे गुण आहेत, आणि टक्क्यांत रूपांतर करण्याची रीत आहे. सहा गुणांवर उभ्या असलेल्या त्या हिशेबनीसाला, तुला स्वतःला कसे वाटते, असे विचारून त्याच्या उत्तराला गुण देणारे क्षेत्र त्या श्रेणीत नाही.